गरुडाची वापसी

॥ श्री ॥
लष्कर, ग्वाल्हेर
५ ऑगस्ट २०२५

ती. मंदाताईंच्या चरणी, धाकटा बंधू जयसिंहराव याचा शि. सा. न. वि. वि.

आपलं पत्र पोचलं. यंदा भाऊबिजेला ग्वाल्हेरला येईन म्हणता, हे वाचून आनंद झाला आणि पाठोपाठ मोठी पंचाईतही झाली. फोनच केला असता, पण माझ्या कानांचं आपल्याला ठाऊक आहे. मला आपलं ऐकू येत नाही आणि माझं साऱ्या मोहल्ल्याला ऐकू जातं, त्यापेक्षा पत्र बरं.

पंचाईत अशी की आपण घाई करता आहात. बातमी पक्की आहे. शार्दूल मोटर्सवाले गरुड वापस आणताहेत! होय, तीच आपली गरुड, जी कंपनीनं आमचा कसलाही सल्ला न घेता बंद केली होती. सोबत गजराज ट्रकही येणार म्हणतात. मोबाइलवर काळा चष्मा लावलेला एक मुलगा रोज यावर बोलतो. तो गाडीत बसूनच बोलतो, त्यामुळे त्याला आतली माहिती असणार.

आपल्याला आठवत असेल, गरुड नवी आली त्या भाऊबिजेला मी सगळ्यांदेखत शब्द दिला होता की यापुढे मंदाताई स्टेशनवरून घरी येतील त्या गरुडमधूनच, आणि मुराळी म्हणून आणायला मी जाईन. आमच्या हिच्या दिवसांना आपण ऑटोरिक्षातून आलात, तेव्हा गरुडचा गिअरबॉक्स नेमका बसलेला होता. ते मला आजही खातं. बहीण माहेरी रिक्षातून येते आणि भाऊ दारात उभा राहून बघतो, हे आपल्या घराण्यात झालं नव्हतं.

तेव्हापासून गाडी दारात उभी आहे. पार्ट मिळत नाहीत. पण आता नवी येतेच आहे, तर आपण एक वर्ष थांबावं. पुढच्या दिवाळीला कोऱ्या गरुडमधून आणतो. हेमेंद्र आणि सूनबाई शिखा नमस्कार सांगतात. गुडघ्यांना जपावं आणि या धाकट्यावरची माया पातळ होऊ देऊ नये.

आपला,
जयसिंहराव

---

॥ श्री ॥
सातारा
१८ ऑगस्ट २०२५

चि. जयसिंगास, मंदाताईचे अ. उ. आ.

पत्र मिळालं. सोनिकाला, म्हणजे माझ्या सूनबाईला, मोठ्यानं वाचून दाखवलं. ती हसून हसून पोळी करपवून बसली.

अरे, वापस काय वापस? परत म्हणावं. माझ्याही तोंडात ग्वाल्हेरचं वापस बसलेलं होतं. लग्नानंतर सासूबाईंना ते काढायला चांगलं वर्ष लागलं. वापस आण, वापस दे, वापस ये. कोण कुणाला काय देतंय, याचाच पत्ता लागत नाही, असं त्या म्हणायच्या.

आता तुझ्या गरुडाचं. गेली कित्येक वर्षं मी हेच ऐकते आहे. आधी गिअरबॉक्स इंदूरहून येणार होता. मग दिल्लीच्या कुणा सरदारजींकडे सापडला होता. मग तुझ्या त्या दोस्ताच्या, पांडुरंगरावांच्या, जावयाच्या मित्राकडे अख्खी गाडीच होती, फक्त तिच्यात झाड उगवलं होतं. आणि आता कंपनीलाच तुझी दया आली म्हणतोस. जी कंपनी तुला एक गिअरबॉक्स देऊ शकली नाही, ती अख्खी गाडी देईल, यावर तुझा विश्वास बसला कसा?

थट्टा पुरे. जयसिंग, मी ऐंशीला टेकले. डॉक्टर म्हणतात, थंडीत दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं. त्यानंतर एवढा लांबचा प्रवास जमेल की नाही, हे तेही सांगत नाहीत. म्हणून यंदा यायचं म्हणते. मला गाडी बघायची नाही, तुला ओवाळायचं आहे. पाय चालताहेत तोवर येऊ दे.

उत्तर लवकर धाड. उत्तरात गिअरबॉक्स नसला तर अधिक बरं. सगळ्यांना आशीर्वाद.

तुझी,
मंदाताई

---

॥ श्री ॥
लष्कर, ग्वाल्हेर
९ सप्टेंबर २०२५

ती. मंदाताईंच्या चरणी जयसिंहरावचा शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, क्षमा असावी. कामाचा व्याप फार वाढला आहे. आम्ही गरुड-गजराज मालक संघ स्थापन केला. अध्यक्षपद नको नको म्हणताना माझ्याच गळ्यात पडलं. सभासद पाच. त्यांतल्या तिघांकडे गाडी आहे, दोघांकडे आठवणी. बिर्लानगरचे सूर्याजी उपाध्यक्ष. त्यांचा गजराज मिलच्या भिंतीला उभा असतो. इंजिन नाही, पण शेळ्यांना फार सोयीचा आहे.

इंदरगंजच्या चहावाल्याकडे रोज बैठक होते. मागच्या आठवड्यात कुणीतरी झाशी रस्त्यावरचा एक फोटो पाठवला. त्यात ताडपत्रीनं पूर्ण झाकलेली एक मोठी गाडी होती. पांडुरंगराव म्हणाले, ही गरुडच, खांद्यावरून ओळखू येते. सूर्याजी म्हणाले, खांदे नव्हेत, तो गजराजचा माथा आहे. संघात उभी फूट पडली. सूर्याजींनी राजीनामा दिला. चहावाल्यानं तो वाचून विचारलं की यात झगडा मिटल्याचं कुठे लिहिलंय? कारण हिंदीत राज़ीनामा म्हणजे समझोता. त्यावर सगळे इतके हसले की समझोता होऊनच गेला. नंतर कळलं की ती भुशाची ट्रॉली होती. पांडुरंगरावांचं म्हणणं, कंपनी चाचणीच्या गाड्या मुद्दाम भुशाखाली लपवते.

आता खरी बातमी. खुद्द कंपनीतून मला फोन आला! मुलगी फार अदबीनं हिंदीत बोलली. अर्धं ऐकू आलं, पण मुद्द्याचं आलं. म्हणाली, गरुडच्या वापसीसाठी आमची खास योजना आहे, आपण वापसीला तयार आहात का? मी म्हटलं, आम्ही कधीपासून तयार आहोत, वेळ तुम्हीच लावलात. ती फार खूश झाली. गाडी कुठे उभी आहे ते विचारून घेतलं. जुन्या गाडीचा मान करणार, असं दिसतं.

तेव्हा यंदा नकोच, ताई. ऑपरेशन होऊन जाऊ दे. नव्या गुडघ्यांनी नव्या गाडीत बसावं. कृपादृष्टी आहे तशीच असू द्यावी.

आपला,
जयसिंहराव (अध्यक्ष)

---

लष्कर, ग्वाल्हेर
२० सप्टेंबर २०२५

ती. आत्याबाईंना शिखाचा सा. न. वि. वि.

बाबांना न सांगता हे पत्र लिहिते आहे. माझं मराठी लिखाण कसं आहे ते तुम्हाला माहीत आहे, तर चुका सांभाळून घ्या. फोन यासाठी नाही केला की बाबा समोरच बसलेले असतात. ऐकू येत नाही, पण चेहरा बघून सगळं ओळखतात.

आत्याबाई, गरुड गेली. मंगळवारी कंपनीचे लोक क्रेन घेऊन आले. हे ऑफिसला होते आणि मी बाजारात. बाबांनी गाडीला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, कागद दिले आणि जिथे सांगितलं तिथे सही करून टाकली. संघाचे सगळे लोक टाळ्या वाजवायला आले होते. बाबांना वाटलं की गाडीला नवीन मॉडेलच्या शेजारी सजवून ठेवणार. मी घरी आले तेव्हा क्रेन गल्लीच्या मोडवर वळत होती आणि सूर्याजीकाका सलाम ठोकत होते.

संध्याकाळी यांनी कागद वाचले. जुनी गाडी कंपनीला वापस करायची आणि ती भंगारात तोडायची, यालाच ते लोक वापसी म्हणतात. दुसऱ्याच दिवशी हे धावत गेले, पण तोपर्यंत तोडून झाली होती. बस, ही चाकावरची एक गोल टोपी मिळाली. बाबांनी ती देवघरात ठेवली आहे.

मोहल्ल्यात बाबा सांगतात की गाडी सन्मानासाठी गेली आहे. संघवालेही तेच सांगतात, कुणीच खरं बोलत नाही. पण आता बाबा रोज सकाळी गाडीच्या रिकाम्या जागेवर खुर्ची टाकून बसतात, की कुणी दुसरा तिथे आपली गाडी न लावो. जेवण अगदी कमी झालंय. काल मला म्हणाले की ताईला काय तोंड दाखवू? मला रडूच आलं.

तुम्ही येणार होतात ना? त्यांनी नाही म्हटलं तरी या. प्लीज. माझं नाव सांगू नका. तुमचा हात डोक्यावर असू दे.

तुमची,
शिखा

---

॥ श्री ॥
सातारा
१ ऑक्टोबर २०२५

चि. जयसिंगास, मंदाताईचे अ. उ. आ.

मी येते आहे. विचारत नाही, कळवते आहे. सोनिकानं तिकीट काढलं. इथून थेट गाडी आहे, खालचा बर्थ मिळाला आहे. भाऊबिजेच्या आदल्या दिवशी दुपारी ग्वाल्हेरला उतरेन.

तुझ्या पत्रातली ती वापसी मी दोनदा वाचली आणि सासूबाईंची फार आठवण आली. त्यांचं म्हणणं मी तुला ऐकवलं होतं. पण विचार करता वाटतं, उगीच नावं ठेवली. आमचं परत तरी कुठे वेगळं आहे? परत येणं आणि परत करणं, शब्द तोच. तेव्हा त्या शब्दापायी काही भलतं झालंच असेल, तर मनाला लावून घेऊ नकोस. झालंय का, हे मी विचारत नाही.

एक मात्र नीट ऐक. तू नवी गाडी येईपर्यंत मला थांबवतोस आणि वर नव्या गुडघ्यांच्या गोष्टी करतोस. गाड्या बंद करायच्या की चालू, ते कंपनी ठरवते. तू आणि मी त्यांच्या यादीत नाही. आपलं मॉडेल एकदा बंद झालं की कितीही संघ काढ, कुणी परत आणत नाही. हे लिहायलाच हवं होतं.

कशानंही ये. पायी ये. मुराळी आला नाही, तर मी फलाटावरच बसून राहीन आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगेन की माझा भाऊ अध्यक्ष आहे.

रोज पोटभर जेवत जा. तुझ्यावर रागावलेली, पण तुझीच,
मंदाताई

---

॥ श्री ॥
ग्वाल्हेर
२४ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. सोनिकास, सासूबाईंचे अ. उ. आ.

सुखरूप पोचल्याचं फोनवर कळवलंच. बाकीचं बोलता येईना, कारण जयसिंग सारखा समोर. त्याच्यादेखत त्याचंच काय सांगायचं? म्हणून लिहिते. गुडघे बरे आहेत, काळजी नको.

गाडी थांबली आणि खिडकीतून बघते तर फलाटावर जयसिंग. बंद गळ्याचा कोट, डोक्याला फेटा. मागे हेमेंद्र आणि फेटे बांधलेले आणखी चार म्हातारे, म्हणजे तो संघ. मला तर पालखी यायची बाकी आहे असंच वाटलं. नमस्कार करून तो एवढंच म्हणाला की गरुड बाहेर उभी आहे. शिखाचं पत्र मी वाचलेलं. म्हटलं, याचं डोकं तर फिरलं नाही ना?

बाहेर खरंच गरुड होती. हिरवी, तीन चाकांची, बॅटरीवर चालणारी रिक्षा. इथे त्या डासांसारख्या सगळीकडे फिरतात. कपाळावर जुन्या गाडीवर असायची तशीच तिरकी अक्षरं, गरुड. वर झेंडूचा हार. दसऱ्याच्या दिवशी कंपनीनं वाजतगाजत जी वापस आणली, ती ही. नाव तेवढं जुनं, बाकी सगळी काटकसर. बातमी कळली तेव्हा सूर्याजींनी हातातला चहा सोडून दिला म्हणे. काळ्या चष्म्याचा मुलगा मात्र त्याच दिवशी पुढच्या गाडीवर बोलायला लागला.

जयसिंग शोरूममध्ये भांडायला गेला होता. तिथे ती अक्षरं बघितली आणि भांडायचंच विसरला, असं हेमेंद्र सांगतो. मग बाहेर येऊन तसलीच रिक्षा चालवणाऱ्या विजयाबाईंना गाठलं आणि माझ्या गाडीची वेळ सांगून ठेवली.

मला सरळ तोंडाच्या सीटवर बसवून स्वतः समोर उलटा बसला. जुन्या गरुडमध्ये चढायला मला स्टूल लागायचं, इथे एका पायरीत आत. पडावच्या पुलावर चढताना गरुडाला चांगलीच धाप लागली. मागून भोंगे वाजायला लागले. तो फेटा सावरत ताठ बसून होता, पण माझ्याकडे बघेना. शेवटी पुलाच्या मध्यावर म्हणाला की त्यानं शब्द गरुडाचा दिला होता, चाकं किती हे काही तो बोलला नव्हता. आणि विचारलं, यात काही कमी तर नाही ना पडलं? मी मानेनंच नाही म्हटलं. त्याचा हात धरला आणि दोघंही पूल उतरेपर्यंत रडलो. विजयाबाईंनी आरसा दुसरीकडे वळवला.

काल ओवाळलं. ताटात निरांजनाशेजारी ती चाकाची टोपीही ठेव म्हणाला. ठेवली.

आज सकाळी दारापुढच्या रिकाम्या जागेवर दोन खुर्च्या टाकून बसलो होतो, तर सूर्याजी धावत आले. आता म्हणे गजराज नक्की येणार, कुणीतरी फोटो पाठवलाय, पुन्हा ताडपत्री. जयसिंगाचे डोळे लगेच चमकले. मी त्याला सांगितलं की गजराज म्हणून हातगाडी निघाली तरी मी बसेन, फक्त ओढायला मुराळी तू हवास.

मुलांना पापा. घरातल्यांचा माझ्यावर आहे तेवढा जीव राहू दे, मला तेवढंच पुरतं.

तुझी,
सासूबाई