न चिरडलेलं लिंबू

मंगळवार संध्याकाळ, अकोला

मागच्या महिन्यात मूर्तिजापूरच्या रस्त्यावर आमची जुनी रेसची गाडी कापसाच्या बैलगाडीच्या जेमतेम वीतभर मागे थांबली. तेव्हापासून माझी बायको सुमन तिच्यात बसलेली नाही. चूक माझीच. इंजिनाचा जोर दोनदा वाढवला, पण ब्रेक जुनेच ठेवले. कशासाठी? वेग लोकांना दिसतो, म्हणून?

आज रहीम मिस्त्रींनी पुढच्या चाकांना ब्रेकच्या मोठ्या डिस्क बसवल्या. चाकाखाली चिरडायला सुमनने लिंबू दिलं होतं. नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून मिस्त्रींनी आधी माझ्याकडून दहा-बारा वेळा हळूहळू ब्रेक दाबून घेतले. मग त्यांनी ते लिंबू लांब, मोकळ्या रस्त्यावर नेऊन ठेवलं.

"चिरडाले काय लागते? याच्या अलीकडे थांबून दाखवा."

जोरात आलो, ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत थांबली. उतरून पाहिलं, तर लिंबू चार बोटं पुढे, अख्खं. उचलून खिशात घातलं.

घरी आल्यावर सुमनने विचारलं, "हे कावून वापस आणलं?" सांगितलं. तिने लिंबू चिरलं, माझ्या वरणावर पिळलं.

जेवताना म्हणाली, "उद्या मले रिद्धपूरले नेता काय?"

रस्ता मूर्तिजापूरवरूनच जातो. तिला माहीत आहे.