गाठी मी सोडल्या होत्या

सर्वांत आधी एक दुरुस्ती.

तीन महिन्यांपूर्वी मी एक मृत्युपत्र लिहून ठेवले. त्याच्या चौथ्या कलमात असे वाक्य आहे: 'माझ्या आईची स्मरणशक्ती आता भरवशाची राहिलेली नाही, सबब माझ्या पश्चात शिवणाचे कोणतेही काम तिच्यावर सोपवू नये.' हे वाक्य खोटे आहे. आईची स्मरणशक्ती शाबूत आहे. चूक माझी होती. ते मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करते. मात्र ते फाडून टाकू नये, यालाच टाचून ठेवावे. खोटे कुठे लिहिले होते हेही दिसले पाहिजे.

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सव्वीस, अविवाहित, एका वकिलांच्या कार्यालयात टंकलेखक, आमच्या घरात शाळेची पायरी चढून शेवटपर्यंत टिकलेली पहिली व्यक्ती, हे पूर्ण शुद्धीवर राहून आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे असे लिहीत आहे. 'मन स्थिर असताना' हे शब्द मी आधी गाळले होते. दुसऱ्यांच्या कागदांत ते मी शेकडो वेळा टाइप केले, पण स्वतःच्या बाबतीत ते खरे आहेत की नाहीत हे ठरवता येईना. वकीलसाहेबांनी मसुदा पाहिला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"अगं, ते शब्द नसतील तर कागदाला अर्थ काय? टाक."

"पण साहेब, मन स्थिर नसेल तर?"

"मग कोणाचं असतं? टाक."

म्हणून टाकते. मन स्थिर आहे, फक्त गोंधळलेले आहे.

येत्या मंगळवारी, सोळा तारखेला, माझ्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया आहे. आधीची तारीख मला ताप आल्यामुळे पुढे गेली. डॉक्टरीणबाई म्हणतात, दोन दिवसांत घरी, आठवड्याने जिने चढशील. माझा थोरला भाऊ दुसऱ्या गावी वेल्डिंगचे काम करतो. तो फोनवर म्हणाला, "एवढ्याशा खड्यांसाठी मृत्युपत्र? मॅडम, तुमचं शिक्षण वाया नाही गेलं हो!" मी त्याला हसून दाखवले. पण रुग्णालयाच्या अर्जात 'काही अघटित घडल्यास जबाबदार नातेवाईक' अशी एक ओळ आहे. तिथे आईचे नाव घालताना माझा हात अडला, कारण आई जबाबदार नाही असे मीच लिहून ठेवले होते.

कलम एक. बँकेत माझ्या नावावर जे असेल ते सर्व आईचे. घर आईचेच आहे, त्याबद्दल मी काही लिहिणे हा आगाऊपणा होईल. बाबा गेल्यापासून मी 'घर माझ्यावर आहे' असे बोलू लागले होते. ते वाक्यही मागे घेते.

कलम दोन. जाडा शब्दकोश दादाला. "हा उशाला घेतला तर मान मोडेल," असे तो म्हणाला होता. उशालाच घ्यावा, पण मधूनमधून उघडावा. दादाने आठवीत शाळा सोडली आणि मी पुढे शिकले. त्यानंतर त्याने मला नावाने हाक मारलेली नाही, 'मॅडम'च म्हणतो. त्यात किती थट्टा आणि किती राग, हे मला चौदा वर्षांत कळले नाही. तो रागच असेल, तर या कलमाने तो माझ्याकडून माफ आहे. थट्टा असेल, तर आता पुरे.

माझी लांब पात्यांची कात्री मला पहिली अक्षरे शिकवणाऱ्या बाईंना द्यायची होती. पण त्या या कागदाच्या साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला काही ठेवता येत नाही. मी दुसरा साक्षीदार शोधते म्हणाले, तर बाई म्हणाल्या, "कात्री आत्ताच दे की. तुझ्या मरणाची वाट कशाला बघू? माझं वय बघ, तुझं बघ." कात्री त्या पर्समध्ये घालून घेऊन गेल्या. तेव्हा या कलमातून कात्री वगळावी.

कोऱ्या चिठ्ठ्यांचा डबा आणि टाचण्या कोणालाही देऊ नयेत. का, ते पुढे येते.

कलम तीन. हे कलम लांब आहे.

आमच्या पुढच्या खोलीत गोधड्या शिवल्या जातात. लोक आपल्या माणसांचे जुने कपडे गाठोड्यात बांधून आणून देतात. आई ते उसवते, थरांवर थर लावते आणि हाताने धावदोरा घालत काठाकडून मध्याकडे येते. आईला लिहिता-वाचता येत नाही. कोणते गाठोडे कोणाचे, हे ती गाठीवरून ओळखत असे. कपडे घेतले की ती गाठोडे नव्याने बांधायची: कोणाची गाठ साधी, कोणाची दुहेरी, कोणाचे टोक डावीकडे, कोणाचे उजवीकडे. कपडे हयात नसलेल्या माणसाचे असतील तर दोन्ही टोके आत खुपसलेली. ही रीत तिची तिनेच बसवलेली. ती तिने मला कधी सांगितली नाही, आणि मीही कधी विचारले नाही. मला वाटायचे, आई नुसतीच घट्ट बांधते.

बाबा गेल्यानंतर आईने कामे जास्त घ्यायला सुरुवात केली. मला त्या गाठोड्यांची काळजी वाटू लागली. नावे नाहीत, तारखा नाहीत. उद्या काही झाले तर कोणाला काय द्यायचे? जानेवारीतल्या एका सुट्टीच्या सकाळी आई बाजारात गेली असताना मी सातही गाठोडी सोडली. कपडे झटकले, घड्या घातल्या, आणि कोणी काय आणून दिले ते मी पाहिले होते, त्यावरून प्रत्येक गठ्ठ्याला नावाची चिठ्ठी टाचू लागले.

दोन गठ्ठे निळ्या शर्टांचे होते. एक वरच्या मजल्यावरच्या काकूंचा, म्हणजे त्यांच्या यजमानांचा. ते बस चालवायचे, मागच्या वर्षी वारले. दुसरा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या काकांचा. ते नुकतेच निवृत्त झाले आहेत आणि आपल्या गणवेशाची गोधडी त्यांना नातीला द्यायची आहे. दोन्ही शर्ट निळे, दोन्ही धुऊन धुऊन विटलेले. तेवढ्यात कार्यालयातून फोन आला. एक पान सापडत नव्हते, ते कुठे आहे हे मी सांगितले. परत आले तेव्हा खाटेवर निळ्या शर्टांचा एकच ढीग होता. मी दोन ठेवले होते आणि ते एकमेकांवर घसरले, की मुळात मीच एकत्र ठेवले होते, हे मला आजही आठवत नाही. मी तो ढीग अंदाजाने निम्मा-निम्मा केला आणि चिठ्ठ्या लावल्या. दोन्ही चिठ्ठ्यांवरचे अक्षर फार सुरेख आले होते.

आई आली. पिशवी तिने दारातच खाली ठेवली.

"गाठी कुणी सोडल्या?"

"मी. बघ, सगळं नीट लावलंय. नावं लिहिलीत."

"मला वाचता येतंय होय गं?"

"मी आहे ना वाचायला."

तिने पिशवी उचलून आत नेली. काही दिवसांनी एक निळा शर्ट बोटांत धरून ती बराच वेळ बसून राहिली.

"हा कुणाचा म्हणालीस?"

"बसवाल्या काकांचा."

"हाताला तसा लागत नाही. बस चालवणाऱ्याची पाठ झिजते. ह्याची कोपरं झिजलीत."

"आई, लिहिलंय ना त्यावर."

"लिहिलंय तर मग असेल," आई म्हणाली आणि तिने सुई ओवली.

मार्चच्या सुरुवातीला काकू गोधडी न्यायला आल्या. त्यांनी ती मांडीवर पसरली, हात फिरवला, आणि काठाजवळच्या एका तुकड्यावर त्यांचा हात थांबला. तिथे सुईच्या भोकांची बारीक चौकट होती. खिशावरचा बिल्ला उसवल्याची खूण.

"ह्यांच्या शर्टाला बिल्ला कधी नव्हता," काकू म्हणाल्या. "हा शर्ट ह्यांचा नाही. ह्यांचे शर्ट कुठे आहेत?"

आईने माझ्याकडे पाहिले. तिच्या नजरेत आरोप नव्हता. चिठ्ठीवर काय आहे ते मी वाचून दाखवीन, एवढीच ती वाट पाहत होती. आणि मी म्हणाले, "काकू, आईचं हल्ली जरा विसरायला होतं."

आईने त्या तुकड्यावर बोट फिरवले. मग म्हणाली, "असेल. माझ्याच हातून झालं असेल."

काकू गोधडी खाटेवर ठेवून वर गेल्या. त्यानंतर जिन्यात भेटल्या की त्या आईशी बोलतात, पण लहान मुलाशी बोलावे तशा, मोठ्याने आणि सावकाश. त्या दिवसापासून आईने सुई हातात धरलेली नाही. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचे अंगुस्तान तिने माझ्या टेबलाच्या खणात आणून ठेवले. गॅस बंद केला का, हे ती मला तीन-तीनदा विचारते. बाजारात जाताना चार वस्तूंची यादी माझ्याकडून पुन्हापुन्हा ऐकून पाठ करते. मी तिला कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी बरेच प्रश्न विचारले आणि म्हणाले, "ठणठणीत आहेत हो." परतीच्या वाटेवर आई म्हणाली, "त्यांना काय माहीत? तू रोज बघतेस ना."

ती खरोखरच विसरू लागली आहे, की विसरण्याला घाबरून राहिली आहे, हे मला कळत नाही. पहिले मृत्युपत्र लिहिताना मी ते वाक्य घातले, तेव्हा माझाही त्यावर जवळजवळ विश्वास बसला होता. टाइप केलेले सगळे मला खरे वाटते, हा माझा दोष आहे.

कलम चार. सात गोधड्यांपैकी दोन आईने आधीच देऊन टाकल्या होत्या. तीन मी पूर्ण केल्या. माझे टाके लांब आहेत आणि ओळी वाकड्या जातात, त्याबद्दल ज्यांच्याकडे त्या आहेत त्यांची क्षमा मागते. काकूंनी परत केलेली कपाटात आहे. सातवी, लिफ्टवाल्या काकांची, माझ्या हातात आहे. गेला महिनाभर मी ती कार्यालयातून आल्यावर रोज वीतभर शिवते. म्हणजे ज्या थरांत बसवाल्या काकांचे शर्ट असू शकतील, ते मी रोज वीतभर बंद करत आले. पूर्ण झाली की ती दुसऱ्याच्या घरी जाईल आणि मग कोणी काही विचारणार नाही, असा विचार माझ्या मनात आला नव्हता असे मला लिहिता येत नाही. परवा मध्यावर दीड वीत उरली, तेव्हा मी थांबले. ती पुढे कोणीही शिवू नये.

दोन्ही गोधड्या उसवाव्यात. मी स्वतः तुकडे चाचपून पाहिले: पाठ कोणती, कोपर कोणते. माझ्या बोटांना सगळे सारखेच लागते. फरक सांगू शकेल अशी एकच व्यक्ती आहे, आणि तिला मी पटवून दिले आहे की तिच्या हातांवर भरवसा ठेवता येत नाही. सबब, दोन्ही गोधड्यांतील कापड वेगळे करण्याचा अधिकार फक्त आईचा. तिने जे ज्याचे म्हटले ते त्याचे. त्यावर कोणीही चिठ्ठी लावू नये.

कलम पाच. या कागदाची अंमलबजावणी वकीलसाहेबांनी करावी, असे मी लिहिले होते. पाकीट माझ्या मृत्यूनंतर उघडायचे आणि कलम तीन आईला मोठ्याने वाचून दाखवायचे. आज सह्यांसाठी बाई आल्या. साक्षीदाराने मजकूर वाचायलाच हवा असे नाही, हे मी त्यांना सांगितले.

"मी न वाचता कधी सही केलीय? तुझ्या प्रगतिपुस्तकावरसुद्धा नाही," त्या म्हणाल्या आणि सगळे वाचले. तळमजल्यावरचे चष्मेवाले शेजारी पेन उघडून उभे होते. वाचून झाल्यावर बाईंनी कागद खाली ठेवला.

"अल्पविराम फार झालेत. आणि हे आईला सांगायला तुला मरायची काय गरज आहे?"

मी म्हणाले, "नाही, म्हणजे, जर काही झालंच तर..."

"आणि काही झालं नाही तर?"

मी सुखरूप परत आले, तर हे पाकीट वकीलसाहेबांच्या कपाटात बंद राहील आणि आई गॅस बंद केला का विचारत राहील. मी जगावे अशी माझी इच्छा आहे. पण या कागदाप्रमाणे आईला सुई परत मिळायची तर मी मेले पाहिजे. एवढे दस्त टाइप करूनही ही खोट मला दिसली नाही.

म्हणून कलम पाच बदलते. हा कागद उघडण्यासाठी माझ्या मृत्यूची वाट पाहू नये. मीच तो वाचून दाखवीन, आईसमोर आणि काकूंसमोर, दोघी एकाच वेळी असताना. आईला एकटीला गाठून सांगितले तर ती मला लगेच माफ करील, आणि काकू जिन्यात तशाच सावकाश बोलत राहतील. वाचताना कलम तीनमधला एकही शब्द गाळणार नाही. आधी अंगुस्तान खणातून काढून आईसमोर ठेवीन. काकूंना मी वर जाऊन बोलावून आले. "कशाला गं?" त्यांनी विचारले. मी म्हणाले, "शर्टांबद्दल." त्यांनी दार लोटले नाही आणि 'आत ये'ही म्हटले नाही. उंबऱ्यावरूनच म्हणाल्या, "येते."

आई काय म्हणेल, हे मला माहीत नाही. ती सुई हातात घेईल की नाही, हेही माहीत नाही. ते या कागदाने ठरवता येत नाही.

वरील सर्व मजकूर मी स्वतः टाइप केला, दोनदा वाचला, आणि समजून सही केली. अल्पविराम तसेच ठेवले आहेत.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार एक: चष्मेवाले, तळमजला. मजकूर वाचलेला नाही, सही करताना पाहिले. (सही)

साक्षीदार दोन: बाई, पहिलीचा वर्ग, आता निवृत्त. मजकूर वाचला. (सही)

ठिकाण: आमची पुढची खोली, खाटेशेजारचे टेबल.

तारीख: शुक्रवार, बारा जून.

वाचन: रविवार, चौदा जून, सकाळी दहा वाजता.