शेळूताईने खाल्लेलं पत्र

३ फेब्रुवारी, सोमवार

शेळूताईची आणखी एक क्लिप आली. अडीच मिनिटांची, सांगलीच्या कुणाच्या तरी घरातल्या कॅसेटवरून. जुन्या चाहत्यांच्या ग्रुपवर दंगा. चाळिशी-पन्नाशीची माणसं एका कापडी शेळीसाठी रडतायत, आणि मी त्यांना हसता हसता तीच क्लिप सहा वेळा बघितली.

श्वेताला (सूनबाई, तिचा तेव्हा जन्मही नव्हता) समजावून सांगितलं. टीव्हीवर मुलांचा बाहुल्यांचा कार्यक्रम होता; मुलं पत्रं पाठवायची, शेळूताई पडद्याच्या वर मान काढून ती वाचायची आणि वाचून झालं की खाऊन टाकायची. श्वेता म्हणाली, "म्हणजे आई, श्रेडर." बोलण्यात सोय नाही हिच्याशी.

ग्रुपवर वाद चालला होता की शेळूताईचा फाटका कान डावा की उजवा. मी लिहिलं, उजवाच. क्लिप टाकणाऱ्याने चित्र उलटं केलंय, कुणी काढून टाकू नये म्हणून करतात तसं; मागच्या भिंतीवरची अक्षरं बघा. बघितली, उलटी निघाली. मग काय, 'सावंतमावशी ग्रेट' वगैरे. केतकी (पुण्याची, ग्रुप तिनेच काढलाय) म्हणाली, मावशी आमचं चालतंबोलतं संग्रहालय. खोटं कशाला बोलू, सुखावले.

टीव्ही केंद्राच्या टेप लायब्ररीत होते एवढंच त्यांना माहीत आहे. तिथे काय करत होते ते कुणी विचारलेलं नाही.

५ फेब्रु., बुध.

पाणी नाही सकाळपासून. गुडघा ठीक.

ग्रुपवर नवा माणूस, हरेश्वर पाटील. (ह.पा. लिहीन, बोटं दुखतात.) आपल्याच इथला, भाईंदरजवळच्या मुर्ध्याचा. त्याने एका पोस्टकार्डाचा फोटो टाकला. केंद्राकडून मुलांना जायचं ते छापील कार्ड: 'तुझं पत्र शेळूताई अमुक तारखेला खाणार आहे, जरूर बघ.' वर शाईने नाव, कु. वनिता पाटील, मु. मुर्धा.

वनिता त्याची मोठी बहीण. पुढच्याच वर्षी काविळीने गेली, दहा वर्षांची. आई अजून आहे, ऐंशी पार केलेली. तिची एकच मागणी: त्या शेळीच्या तोंडून पोरीचं नाव एकदा ऐकायचं. कार्ड तिने रेशनकार्डाच्या पिशवीत इतकी वर्षं सांभाळलं.

सगळ्यांनी शोधायचं ठरवलं. मला खास निरोप: मावशी, तुमचीच मदत लागणार.

कार्डावर तारीख आहे. आणि माझ्याकडे त्या वर्षांच्या खिशातल्या डायऱ्या आहेत. कपाटाच्या वरच्या फळीवर. काढल्या नाहीत.

६ फेब्रु.

काढल्या. श्वेता ऑफिसला गेल्यावर स्टुलावर चढून (मुलाला, मंदारला, कळलं तर ओरडेल).

'शेळू. भाग ३४. पुसली. क्रीडा बक्षीस समारंभ.' खाली माझी सही.

मला पान बघायच्या आधीच माहीत होतं. तेव्हा टेपा परदेशातून यायच्या, कमी असायच्या; जुनी पुसून तिच्यावरच नवं काही घ्यायचे. वरून यादी यायची, की आम्ही कपाटातून टेप काढायची, पुसायच्या मशीनवर ठेवायची, बटण दाबायचं. अर्ध्या मिनिटात कोरी. मुलांच्या कार्यक्रमाच्या टेपा सगळ्यात आधी जायच्या. नियम एकच होता: पुसण्याआधी दोन मिनिटं चालवून बघायची, भलतीच टेप जायला नको म्हणून.

भाग ३४ मी चालवून बघितला होता. टेप मागे गुंडाळलेली नव्हती, मधूनच सुरू झाली. शेळूताई एक पत्र वाचत होती, 'मुर्धा गावाहून वनिता'. लग्न होऊन मी नुकतीच भाईंदरला आले होते, म्हणून मुर्धा कानात राहिलं. मिठागराचं काहीतरी होतं पत्रात. मग तिने ते चावलं आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "खारट!" मी एकटीच मोठ्याने हसले होते. आणि मग बटण दाबलं.

म्हणजे तो भाग शेवटचा बघणारी मी.

९ फेब्रु., रवि.

तीन दिवस ग्रुपवर गप्प. केतकी विचारते, मावशी बऱ्या आहात ना. सर्दी झाली असं लिहिलं.

ह.पा. माहिती अधिकारात अर्ज टाकणार आहे. सह्या गोळा होतायत. एकाने लिहिलं, 'कुठल्या नालायकाने पुसलं असेल तर त्याचं नाव कळलं पाहिजे.' त्याखाली पंचवीस अंगठे. त्याचं नाही हो, तिचं.

मंदारला सांगितलं शेवटी. तो म्हणाला, तू नोकरी करत होतीस आई, आदेश होता. खरंच आहे. पण हसले होते ना मी, आवडलं होतं मला. वरच्या साहेबांना एकदा तरी म्हणायला हवं होतं, ही राहू द्या. तेवढं तोंड होतं मला तेव्हा. युनियनच्या मीटिंगमध्ये चांगलं चालायचं.

१२ फेब्रु., बुध.

ह.पा.चा फोन. येत्या सोमवारी आईला घेऊन केंद्रावर जाणार, व्हीलचेअर भाड्याने बघतोय. साहेबांसमोर आईला उभं केलं की कपाट उघडतील, असं त्याला वाटतं.

म्हटलं, त्याआधी घरी येऊन जा.

१४ फेब्रु., शुक्र.

आला. पन्नाशीकडे झुकलेला, सिल्व्हर पार्कच्या सिग्नलला दोनदा रस्ता चुकला. सोबत सुक्या बोंबलांची पिशवी. श्वेताने चहा टाकला.

मी डायरीच पुढे ठेवली. पान उघडून. त्याने वाचलं, परत वाचलं. सहीवर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे केंद्रावर न्हायच हाय ते?"

नाही म्हटलं. मीच पुसली म्हटलं. बघितली होती हेही सांगितलं, आणि खारट.

ओरडला असता तर बरं झालं असतं. चहा तसाच ठेवून उठला, चपला घालताना म्हणाला, आईला काय सांगू ते कळत नाय. बोंबील ठेवून गेला. ते तळायचा धीर होईना मला. श्वेताने शेजारच्या गुजरातीणीला वास जायला नको म्हणून पिशवी तीन पिशव्यांत बांधून फ्रीजमध्ये टाकली.

ग्रुपवर त्याने काही लिहिलं नाही. माझं नाव घेतलं नाही.

२० फेब्रु., गुरु.

ह.पा.चा फोन, सहा दिवसांनी. त्याने आईला सगळं सांगितलं. म्हातारी दुसऱ्या दिवशी म्हणाली, त्या बाईला घेऊन ये. शिव्या द्यायला बोलावते की कशाला, त्यालाही माहीत नाही. मी रविवारी येते म्हटलं.

मंदार सोबत येतो म्हणाला. नको.

२३ फेब्रु., रवि.

जसं झालं तसं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मी ते आणखी बरं करून ठेवीन.

मुर्ध्याला खाडीच्या बाजूला घर. मिठागर होतं तिथे आता टॉवरचं काम, क्रेन दिसते ओट्यावरून. म्हातारी खाटेवर. नजर गेल्यासारखीच, कान तिखट. हात धरला माझा आणि सोडला नाही.

"तू पुसलंस नं बाय? मंग तूच सांग."

सांगितलं. शेळूताईने नाव घेतलं, गावाचं नाव घेतलं. मिठागराचं वाचलं. पत्र खाल्लं. खारट म्हणाली. म्हातारी हसली, दात नाहीत एकही. मग विचारलं, अजून काय बोलली? एवढंच आठवतं म्हटलं.

मग तिने सांगितलं, ते ह.पा.लाही नीट माहीत नव्हतं. त्या दिवशी वनिताने कार्यक्रम बघितलाच नाही. टीव्ही गावात एकाच घरी. म्हातारीने (तेव्हा कुठली म्हातारी, चाळिशीसुद्धा नसेल) तिला मिठागरावर बापाचा डबा घेऊन पिटाळलं होतं. पोर रडत गेली. परत आली तेव्हा संपलं होतं. बाकीची पोरं म्हणाली, तुझं नाव आलं, तुझं नाव आलं. पुन्हा दाखवतील म्हणून ती दर आठवड्याला त्या घरी जाऊन बसायची.

"मीच धाडली व्हती तिला," म्हातारी म्हणाली. "अजून काय बोलली गं ती?"

आणि मी म्हटलं, शेळूताई म्हणाली, वनिताचं अक्षर किती छान आहे.

हे मी रचलं. शेळूताई असं काही म्हणाली नाही. किंवा म्हणाली असेल, मला आठवत नाही. पण आठवत नाही ते सांगितलं तर ते रचलंच.

म्हातारीने माझा हात कपाळाला लावला. म्हणाली, शाळेतल्या बाई मारायच्या तिला अक्षरासाठी. मी पण मारलंय. आणि टीव्हीत चांगलं बोलले ना. मग कितीतरी वेळ 'चांगलं बोलले, चांगलं बोलले' एवढंच.

ह.पा. आत जाऊन तोंड धुऊन आला. निघताना मला ताई म्हणाला.

२५ फेब्रु.

छान वाटतंय. तेच वाईट वाटतंय.

२७ फेब्रु., गुरु.

ह.पा.ने ग्रुपवर लिहिलं. मी टेप पुसली हेही लिहिलं, साधेपणाने, 'त्यांची नोकरी होती' म्हणून. नालायकवाल्याने माझी माफी मागितली. आणि मग: 'शेळूताईने आमच्या वनिताच्या अक्षराचं कौतुक केलं होतं.' बदाम, हात जोडलेले, सगळं. केतकीने भागांची यादी बनवली आहे नेटवर, त्यात भाग ३४ समोर घातलं: 'पत्र: वनिता, मुर्धा. शेळूताई अक्षराचं कौतुक करते. (माहिती: सावंतमावशी, टेप लायब्ररी)'

चुकीचं लेबल लावलेली टेप एकदा कपाटात गेली की ती तिथेच राहते, पुढचे सगळे लेबलच वाचतात. नव्या पोरींना हे मीच शिकवायचे. केतकीला फोन करून काढायला सांगावं. ती विचारेल, 'का?' ह.पा. वाचेल.

केला नाही.

म्हातारी म्हणे आल्यागेल्याला सांगते. सुनेला पोरांच्या अक्षरावरून मारू देत नाही.

२ मार्च, रवि.

केतकीचा फोन. उत्तनला आंतोन म्हणून कुणी आहेत, त्यांचे वडील बोटीवर होते, तेव्हाच व्हिडिओ रेकॉर्डर आणलेला घरात. म्हातारा दिसेल ते टेप करायचा. माळ्यावर खोकं सापडलं, मासे सुकवायच्या जाळ्यांखाली. एका कॅसेटवर 'शेळी' आणि महिना. पोस्टकार्डाचाच महिना.

त्या महिन्यात चार भाग झाले होते. त्यातला एक ३४.

मी म्हटलं, वा. मग पलंगावर जाऊन बसले. श्वेताने विचारलं, काय आई, बीपी का?

५ मार्च, बुध.

कॅसेट भाईंदर पश्चिमेला एकाच्या दुकानात दिलीय, पूर्वी लग्नाच्या कॅसेटी करायचा. बुरशी आहे. तो साफ करतोय. म्हणाला, एकदा चालेल, दुसऱ्यांदा चालेल याची गॅरंटी नाही. मला विचारून घेतलं त्याने, मी सांगितलं ते सगळं बरोबर सांगितलं: गरम करू नको, आधी हाताने पूर्ण गुंडाळून बघ, चालवताना तिथूनच कॉपी घे. हात शिवशिवत होते. टेप वाचवायचं काम मला कधी कुणी दिलंच नव्हतं.

रविवारी अकरा वाजता लावणार. ह.पा. आईला रिक्षाने आणणार. केतकी पुण्याहून येणार.

८ मार्च, शनि.

श्वेताला ऑफिसात महिला दिनाचा गुलाब मिळाला, तो तिने मला दिला. पोर चांगली आहे. तिला सांगितलं सगळं, अक्षराचंही. वाटलं होतं काहीतरी फटकन बोलेल. ती म्हणाली, आई, नाही सांगितलं तरी काही बिघडत नाही, जुन्या आठवणीत माणूस चुकतो, कुणी तुम्हाला धरणार नाही. बरोबर आहे तिचं. तो रस्ता मोकळा आहे. म्हणूनच झोप नाही.

ह.पा.चा फोन येऊन गेला. म्हातारीने उद्यासाठी नवं लुगडं काढलंय. त्याला म्हणाली, नाव तर ऐकीनच, पण अक्षराचं शेळीच्या तोंडून ऐकायचं हाय.

दुपारी, देव्हाऱ्यापुढे, माझ्या मनात आलं की ती कॅसेट कोरी निघू दे. मी, इतकी वर्षं टेप लायब्ररीत काढून. दिवा तसाच सोडून बाहेर आले. एवढी लाज मला ते बटण दाबतानाही वाटली नव्हती.

उद्या रिक्षा साडेआठला सांगितली आहे. सरळ कॅसेटच्या दुकानात न जाता आधी मुर्ध्याला. ते लोक निघायच्या आत पोचले तर म्हातारीला खाटेवरच सांगेन, की ते वाक्य माझं होतं, शेळूताईचं नव्हे. हात धरून सांगेन. ती मग कॅसेट ऐकायला येईल की नाही, मला कळत नाही.