आप्पांची शुगर

गिरीराजअण्णा,

तुझा फोन लागत नाही म्हणून ही चिठ्ठी घरी ठेवून जातेय. आप्पांच्या छातीत दुखायला लागलं, त्यांना हेब्बाळच्या हॉस्पिटलात ठेवलंय. मी पॉलिसीची फाइल न्यायला घरी आले होते.

काउंटरवरच्या बाईंनी शुगर आहे का विचारलं, तर आप्पा सरळ 'नाही' म्हणाले. मी म्हटलं, 'नऊ वर्षं आहे, रोज गोळी घेतात.' डॉक्टरांनी अँजिओग्राफीआधी ती गोळी लगेच थांबवली; तपासणीच्या डायबरोबर ती पोटात असली तर किडनीला धोका होऊ शकतो, म्हणाले. मग आप्पा हळूच म्हणाले, 'अगं, विमा काढताना गिरीराजनं फॉर्मवर नाही असंच लिहिलंय.'

आता क्लेम बहुतेक नाकारतील. माझ्यावर चिड हवं तर, पण आधी ये. तेव्हापासून आप्पा माझ्याशी बोलेनात. मी बरोबर केलं, एवढं तू त्यांना सांग. तुझंच ऐकतात ते.

संयोगिता