जिन्यावरचा घोडा

२ मार्च, सोमवार
आज एका घोर अन्यायाची नोंद करून ठेवतो. इतिहासाला गरज पडेल.
जिन्याच्या वळणावर स्टुलावर आमचा बुद्धिबळाचा पट असतो. वर राहतो दादा, खाली मी. ज्याची पाळी त्याने जाता-येता चाल करायची. हरेल त्याने स्वतःच्या हाताने चहा करून दुसऱ्याला नेऊन द्यायचा. आज बघतो तर माझा घोडा एक घर डावीकडे! कुणीतरी फडका मारताना सरकवलाय. उजवीकडे होता तेव्हा माझा राजा सुरक्षित होता. आता कुठूनही मरतो.
दादा म्हणाला, घोडा तिथंच होता, चाल कर. मी म्हटलं, आधी घोडा, मग चाल. तर म्हणे, तू पहिल्यापासूनच ॲडमंट.

३ मार्च
डिक्शनरी काढली. ॲडमंट. मूळ ग्रीक. जो नमत नाही, माणसाळत नाही असा. पुढे अर्थ झाला, सगळ्यात कठीण दगड. डायमंडही त्याच घराण्यातला. म्हणजे दादा मला चक्क हिरा म्हणाला.
हिला मोठ्याने वाचून दाखवलं. म्हणाली, दगडसुद्धा लिहिलंय ना?
संकल्प: हलायचं नाही.

५ मार्च, सकाळ
वहिनी मध्यस्थीला. रविवारी दोघं मुलाकडे राहायला जाणार, कायमचे. म्हणाल्या, भावजी, सगळं सामान बांधून झालं, पण तुमचे दादा त्या पटाला हात लावू देत नाहीत. दुखऱ्या गुडघ्यांनी सारखे जिना उतरून बघून येतात, तुम्ही चाल केलीत का.
मी म्हटलं, वहिनी, प्रश्न घोड्याचा नाही, तत्त्वाचा आहे.
म्हणाल्या, मग तत्त्व चालवा अडीच घरं.

५ मार्च, दुपार
डिक्शनरीत पुढची ओळ राहिली होती. मध्ययुगात लोकांनी घोळ घातला. लॅटिनमधल्या ‘जीव जडणं’ अशा अर्थाच्या शब्दाशी या शब्दाचं नातं लावलं आणि लोहचुंबकालाही ॲडमंट म्हणू लागले.
साफ चूक. कठीण दगड कुणाकडे ओढला जात नाही. डिक्शनरी मिटली.
सहज जिन्यावर जाऊन आलो. मग पुन्हा एकदा, चष्मा राहिला का बघायला. चष्मा डोळ्यांवरच होता.

७ मार्च, शनिवार
आज सोक्षमोक्ष. हिला जिन्यावर नेलं आणि विचारलं, फडका कुणी मारला? हिने पटावरून बोट फिरवलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. काळं. म्हणाली, वरची बांधाबांध सुरू झाल्यापासून इथं कुणी फडका मारलेला नाही.
मग घोडा उचलला. खाली स्वच्छ गोल. उजवीकडच्या घरात मात्र धूळ, अखंड.
धुळीच्या साक्षीवर माझा विश्वास नाही.
जेवण गेलं नाही. त्याचा याच्याशी संबंध नाही.

८ मार्च, रविवार, सकाळ
घोडा होता तिथंच ठेवला. राजा आडवा केला.
चहा केला. साखर दीड चमचा, दादाला तेवढीच लागते. टॅक्सी दारात होती, म्हणून थर्मासमध्ये भरून त्याच्या मांडीवर ठेवला.
थर्मास मात्र आमचा आहे. तो परत द्यायला त्याला यावंच लागेल. याबाबतीत मी ॲडमंट आहे.