चैतातली नदी

२१ मार्च, शनि.
गुढी पावसातच उतरवली. तेव्हापासून थांबलेला नाही. कापलेला गहू शेतात काळा पडतोय. पेपर ओला आला, चुलीजवळ वाळवून वाचला. वर, नदी येते त्या देवळीकडेही असंच चालू आहे.
देवीदास भाऊजी दुपारी जेवायला आले, गुडघ्यापर्यंत चिखल. त्यांची टरबुजाची वाडी नदीच्या पात्रात, गावाच्या वरच्या अंगाला. रेतीत नाल्या खोदून, शेणखत भरून लावलेली. रानडुकरांच्या भीतीने रात्री तिथेच झोपडीत झोपतात. मी म्हटलं, पाऊस आहे तोवर घरी झोपा. हसले. "वयनी, चैतात कोणाची नदी येते? रेतीच पिऊन टाकते सारं पाणी."
सिंधू नवऱ्याची रात्रीची भाकरी बांधत होती. म्हणाली, "ताईले पेपर वाचून वाचून भेव वाटते."
हे असते तर तेही आपल्या भावासारखंच बोलले असते. आमच्याकडे नदी पावसाळ्यातली. उन्हाळ्यात ती जमीन असते. बायका तिच्यातून सरपण आणतात, पोरं खेळतात.

२३ मार्च, सोम.
दुपारी उघडलं. ऊन पडलं. सगळ्यांनी गोधड्या बाहेर टाकल्या.
भाऊजी खुशीत. टरबूज तोडणीला आलं, व्यापाऱ्याची गाडी उद्या सकाळी. निघताना ओसरीतून ओरडले, "वयनी, पयलं टरबूज तुमचं. दादाच्या फोटोपुढं ठेवजा."
सिंधू आतून, "अन् मले काय?"
"तुले सालटं."
संध्याकाळी उत्तरेला आभाळ काळंभोर. इथे थेंब नाही. तिकडे गडगडत होतं.

२४ मार्च, मंगळ.
सकाळी ओरडा ऐकून सगळे पुलावर धावलो. काल पोरं जिथे क्रिकेट खेळत होती तिथे पाणी. लाल, घट्ट. पुलाच्या कठड्याच्या हातभर खाली. काल ऊन होतं. काल गोधड्या वाळल्या.
लोक जत्रेसारखे जमलेले. सगळ्यांच्या हातात मोबाइल. मग टरबुजं आली. आधी एक, मग पाच-सात, मग नदीभर. हिरवीगार, डुलत. टरबूज तरंगतं हे मला माहीत नव्हतं. माणसं हसू लागली. कोणी बांबू आणला, कोणी दोराला टोपलं बांधलं. नामदेव दुकानदार ओरडला, "लुटा गा लुटा, नदीनं बाजार आणला!" मीही हसले.
सिंधूने एक उचललं. उलटं केलं. बुडाशी फुली.
फळ लिंबाएवढं असताना भाऊजी नखाने फुली मारतात, चोरीचं ओळखू यावं म्हणून. फळ वाढतं तशी फुली वाढते.
ती म्हणाली, "हे आपलं होय."
टरबुजं येतच होती.

२५ मार्च, बुध.
पाणी उतरतंय. बोट घेऊन माणसं आली, खालपर्यंत जाऊन आली. भाऊजींची खाट बाभळीत अडकलेली सापडली, जमिनीपासून पुरुषभर उंच. दोऱ्यासुद्धा शाबूत. झोपडी कुठे होती तेही कळत नाही.
फोन लावते. बंद आहे. तरी लावते.
सिंधू रडत नाही. सांजेला न्हाणीच्या दगडावर बादली भरून ठेवली, रोज त्यांच्या पायांसाठी ठेवते तशी.

२७ मार्च, शुक्र.
काल रामनवमी, पाळणा हलला नाही.
पेपरात आलं. एक ओळ. नाव देवीदासच्या जागी देवराव. सिंधू म्हणाली, वाचा ताई. वाचलं. नदीच्या पुरात एक शेतकरी बेपत्ता.
"मेला असं लिवलं काय?"
"नाही."
"मंग झालं."
मी स्वतः अक्षर अक्षर जोडत वाचायला शिकले, सामानाच्या पुड्यांच्या कागदावर. इतकी वर्षं वाटायचं, वाचता आलं की कळतं. ही ओळ कितीदा वाचली. नाही कळत.

२८ मार्च, शनि.
पहाटे सडा टाकायला गेले तर अंगणात भिंतीशी चार टरबुजं. कोणी ठेवली दिसलं नाही. दिवसभर येत राहिली. माणसं खाली मान घालून येतात, ठेवतात, जातात. नामदेव डोक्यावर टोपलं घेऊन आला. उभा राहिला. "वयनी, मले काय मालूम..." एवढंच.
पलीकडची शोभा रडत आली, रिकाम्या हाताने. "आमी खाल्लं वो. लेकराईनं तवाच फोडलं. गोड होतं." शेवटचा शब्द निसटला तिच्या तोंडून. तोंडावर पदर दाबून पळाली.
भिंतभर ढीग झालाय. सगळ्यांच्या बुडाला फुली. सिंधू एकेक पुसून ठेवते. फोडू देत नाही. "थे आले की फोडू. पयलं ताईचं आहे."

३० मार्च, सोम.
रुख्माकाकू चार बायका घेऊन आल्या. सिंधूला आत पाठवून माझ्याशी हळू बोलल्या. देह सापडत नाही तेव्हा पळसाच्या पानांचा पुतळा करतात, माणसासारखा निजवतात, अग्नी देतात. मग दहावं, तेरावं. "नाई तं जीव लटकून राह्यते गं, त्याचाबी अन् तिचाबी." घरात मोठी मी. मी हो म्हटलं की पुरुष पळस तोडायला जातील. आणि काकू सिंधूच्या बांगड्यांना हात घालतील. माझ्याही त्यांनीच फोडल्या होत्या. हात धरून, मायेनेच. काच रुतली होती, अजून खूण आहे.
पण काकू खोटं सांगत नाहीत. ह्यांचं तोंड मी पाहिलं. पाणी पाजलं. कपाळ गार होताना हाताला लागलं. म्हणून मला रडता आलं, पुढे उठता आलं. सिंधूकडे काय आहे? बादली.
मला विचाराल तर भाऊजी नाहीत. ती खाट पाहिली तेव्हाच कळलं. हे मी इथे लिहिते, तोंडाने म्हणवत नाही.
काकूंना म्हटलं, पुनवेपर्यंत थांबा.

१ एप्रिल, बुध.
ढिगातली टरबुजं पाझरू लागली. माशा. अंगणात आंबूस वास. नदी पुन्हा वाळू झाली, पोरं मात्र उतरत नाहीत. कोणी सांगितलं नाही, आपणहूनच.
सिंधू दुपारी म्हणाली, "ताई, काकू काऊन आल्या होत्या ते मले मालूम आहे." पदराने माशा हाकलल्या. "तुमी हो म्हणसान तं मी हात पुढं करीन. पन तुमीच म्हना. दुसऱ्यानं नाई."
मी उठून चहा ठेवला. साखर टाकायची राहिली. दोघींनी तसाच प्यायला.

२ एप्रिल, गुरु.
पुनव. मारुतीच्या देवळात भोंगा लावलाय. काकूंचा निरोप आला, उद्या सकाळी माणसं पळसाला निघायची आहेत, काय ते कळव.
निरोप घेऊन येणाऱ्याला दारातच बसवलं. हो म्हणायला तोंड उघडलं. खरंच उघडलं. तेवढ्यात आत नजर गेली. सिंधू भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली होती, त्या दिवसापासून पहिल्यांदाच. हात मांडीवर, बांगड्या कोपराकडे सरकलेल्या.
म्हटलं, सकाळी मीच येऊन सांगते.
तो गेला. ऊन उतरलं. दगडावर बादली नव्हती.
थोडा वेळ पाहत राहिले. मग विहिरीवर गेले, भरून आणली, ठेवली. आत येऊन बसले. दार लावलेलं नाही.