उघडणारे खण

१ फेब्रुवारी, शनिवार

किल्ली मिळाली! दीड खोली, तिसरा मजला, लिफ्ट नाही. पण नळाला पाणी आहे, भिंतींना ओल नाही आणि दाराला आतून भक्कम कडी आहे. आणखी काय पाहिजे?

मालकीणबाई खालीच राहतात. किल्ली देताना मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून घेतलं. "एकट्याच राहणार?" मी म्हटलं, "मी आणि माझी मुलगी." बेधडक! मुलीचं अजून कशात काही नाही, हे त्यांना कशाला सांगा.

घटस्फोटाचे कागद झाले, भांडणं संपली, पण खारू सध्या तिच्या बाबाकडेच आहे. तेरा वर्षांची घोडी झालीय, तिचं तिला कळतं. कुठे राहायचं ते महिनाअखेर तिनेच सांगायचं, असं आम्ही दोघांनी मान्य केलंय. मी तिला विचारलं तर बाईसाहेब म्हणाल्या, "आधी घर तर बघू दे."

बघच तू! नाटकांचे सेट उभे करण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय. रिकाम्या रंगमंचावर संध्याकाळपर्यंत बंगला उभा करते मी. दीड खोलीला कोण भीक घालतंय!

२ फेब्रुवारी, रविवार

फरशीवर झोपले. पाठीचा पार खुळखुळा झालाय. झोप मात्र मस्त लागली.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज लॉटरीच लागली! ते श्रीमंत आत्याचं नाटक बंद पडलं. पडणारच होतं, शेवटच्या प्रयोगाला प्रेक्षकांपेक्षा रंगमंचावर माणसं जास्त होती. नाटकाचे मालक म्हणाले, "गोदामात जागा नाही, सेट मोडीत काढा." मी म्हटलं, मोडीत कशाला, मी नेते की. मालकांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा सेटकडे. "ने बाई, तुझ्याच हातचा आहे."

आमचे सुतारकाका, मी आणि एक टेंपो. तीन मजले! जिन्यात सोफा अडकला तेव्हा काका खालून ओरडले, "बाई, आत्याला म्हणावं तळमजल्यावर राहा!" हसता हसता सोफा सुटायचा बाकी होता माझ्या हातून.

सोफा, दोन खुर्च्या, गोल टेबल, उंच दिवा आणि आत्याच्या खोलीतलं ते खणांचं कपाट. ते आतल्या अर्ध्या खोलीत ठेवलं, खारूसाठी. सहा खण, पितळी मुठी, कडेने नक्षी. खण उघडत नाहीत म्हणा. पुढे नुसती फळी, तिच्यावर रेघा पाडून मुठी डकवलेल्या, आत पोकळ. नाटकात त्यांना कोण हात लावत होतं! पण दिसतं काय! दारातून बघितलं तर वाटतं, पिढीजात घर आहे. माझे कपडे सुटकेसमध्ये आहेत, तिथे सुखात आहेत.

गादी, शेगडी आणि बादली तेवढी विकत घेतली. पाकीट आता पगारापर्यंत उपाशी राहील.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

ताई येऊन गेली. माझी मोठी बहीण म्हणजे हात भरून येणार आणि तोंड भरून बोलणार. दोन पातेली, तवा, चार वाट्या, एक जुनी इस्त्री. पातेली घेतली. इस्त्री परत दिली. मी दिवसभर रंगाने माखलेली असते, माझ्या कपड्यांना इस्त्री करून कोणाला दाखवू?

सोफ्यावर बसली आणि इकडेतिकडे बघायला लागली. "अगं, ह्या सगळ्या खुर्च्या त्या भिंतीकडे तोंड करून का ठेवल्यास? काय आहे तिथे?"

काही नाही! कोरी भिंत! मी बघतच राहिले. रंगमंचावर प्रेक्षकांकडे पाठ करून कोणी बसत नाही ना, हात आपोआप तसंच मांडत गेले. ताई म्हणाली, "म्हणजे आपण दोघी त्या भिंतीला मुलाखत देतोय का?" पोट दुखेपर्यंत हसलो. मग दोघींनी खुर्च्या फिरवल्या, समोरासमोर बसून चहा प्यालो.

जाताना मात्र म्हणालीच. "तिकडे काय कमी होतं गं तुला?" मी चहाचे कप उचलले. राग आला होता, पण पातेली तिचीच होती.

त्या घरात काही कमी नव्हतं. पण काहीही मांडलं, हलवलं, रंगवलं की खारूच्या बाबाचं एकच ऐकायचं — "घर म्हणजे तुझं नाटक नव्हे." वर्षानुवर्षं ऐकलं. आता ऐकायचं नाही, बस्स.

९ फेब्रुवारी, रविवार

खारू आली! बाबा खालूनच सोडून गेला.

पाठीवर शाळेची सॅक, टम्म फुगलेली. म्हटलं, रविवारी एवढं काय आणलंस? म्हणे, "अभ्यास आहे." मी म्हटलं, बरं बाई, विद्वान हो.

घरभर फिरून बघितलं तिने. सोफा लगेच ओळखला! "हा त्या आत्याचा ना? जी मेल्यावर कोणीच रडत नाही, ती?" लहानपणापासून विंगेत बसून नाटकं बघितलेली पोर, तिच्यापासून काय लपणार! मग सॅक घेऊन आतल्या खोलीत गेली. मी अंडी उकडत होते. आतून खट, खट असा आवाज आला. मी विचारलं, "काय गं?" म्हणाली, "काही नाही."

बाहेर आली. जेवली. "छान आहे घर," म्हणाली. पाहुण्यांकडे गेल्यावर आपण म्हणतो ना, तसं. मग बाबाला फोन करून बोलावून घेतलं आणि चार वाजायच्या आत निघाली. सॅकची चेन काही उघडली नाही. अभ्यास तसाच राहिला.

काय बिनसलं? मी काही वेडंवाकडं बोलले नाही. अंडी जास्त उकडली होती का?

१० फेब्रुवारी, सोमवार

कपाटाची एक मूठ लोंबतेय. डिंक कमी पडला असणार. परत डकवली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

खारूच्या बाबाचा फोन. आवाज चढवलेला नव्हता, उलट सांभाळून बोलत होता, त्यामुळे जास्तच धडकी भरली. "तू काही बोललीस का तिला?" मी म्हटलं, "मी? कशाबद्दल?" तर म्हणाला, "कपडे भरून घेऊन गेली होती ती. दोन-तीन दिवस राहून बघते म्हणाली होती मला. तुला चकित करायचं होतं. आणि सगळं तसंच परत घेऊन आली. विचारलं तर म्हणते, तिथे ठेवायला जागा नाही."

फोन ठेवला आणि आत जाऊन त्या कपाटासमोर उभी राहिले.

खट, खट. ती खण उघडत होती! एक नाही उघडला म्हणून दुसरा, दुसरा नाही म्हणून तिसरा. आणि मी बाहेर अंडी सोलतेय!

हिला मुळात खारू म्हणायला लागलो ते कशामुळे? रांगायची तेव्हापासून हिला खारीसारख्या वस्तू खणात नेऊन ठेवायची खोड. बटणं, खडू, बिस्किटाचा अर्धा तुकडा. माझं तर घड्याळसुद्धा एकदा तिच्या खणात सापडलं होतं. जिथे हिच्या वस्तू, तिथे ही. हे जगात मला नाही माहीत तर कोणाला? आणि मी तिच्यासाठी काय मांडून ठेवलं, तर रेघा मारलेली फळी!

खूप रडले. शेजारी ऐकू गेलं असेल. जाऊ दे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

रडून झालं. आता कामाला लागू.

गोदामातून आत्याच्या बंगल्याचं पुढचं दार मागून आणलं. तेही मोडीतच निघालं होतं. प्लाय चांगलं जाड आहे. करवत, पट्ट्या, हातोडी घरात आहेतच. कपाटाची पुढची फळी रेघांवरूनच कापली, सहा तुकडे. आता प्रत्येकाच्या मागे खोका बांधायचा. खोका तर खोका, त्यात काय!

१५ फेब्रुवारी, शनिवार

त्यात बरंच काही आहे. पहिला खण तयार केला, ऐटीत ओढला, तर पुढची फळी माझ्या हातात आणि तळ धाडकन पायावर! अंगठा टम्म सुजलाय.

मग बघितलं, तर सगळे खिळे अर्धेच ठोकलेले. हाताची सवय! आमच्याकडे खिळ्याचं डोकं वर ठेवायचं असतं, प्रयोग संपला की उपटून सेट टेंपोत भरायचा असतो ना. स्वतःच्या घरातही माझे हात टेंपोची वाट बघत होते. लंगडत लंगडत सगळे खिळे उपटले. मग प्रत्येक खिळा डोक्यापर्यंत आत घातला, वर स्क्रू मारले.

मालकीणबाई जिना चढून आल्या, "काय ठोकाठोकी चाललीय?" म्हटलं, "मुलीचं कपाट." त्या म्हणाल्या, "मुलगी दिसली नाही कुठे." मी म्हटलं, "कपाट झालं की दिसेल!"

उद्या येतेय ती. सहाही व्हायचे नाहीत, पण दोन तरी उघडतील.

१६ फेब्रुवारी, रविवार

आली नाही. "चाचणी आहे, आई." चाचणी असेलही. नसेलही.

फोनवर खणांचं काही सांगितलं नाही. सांगून काय होणार, हात लावून बघितल्याशिवाय तिला पटायचं नाही. माझीच मुलगी आहे.

तिसरा खण पूर्ण केला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सहाही झाले! पट्ट्यांवर मेणबत्ती घासली, आता एका बोटाने सरकतात. नुसती उघडझाप करत बसले, वेड्यासारखी. कपाट पूर्वीइतकं देखणं राहिलेलं नाही. रेघा वाकड्या गेल्यात, एक मूठ तिरकी बसलीय. सुतारकाकांना फोटो दाखवला तर म्हणाले, "ह्याला आता जिन्यावरून खाली न्यायचं म्हणजे चार माणसं लागतील." म्हटलं, कोण नेतंय!

 ह्या रविवारीही नाही आली तर? नाही आली तर पुढच्या रविवारी येईल. पुढच्या रविवारी महिना संपलेला असेल. असो. खण तर तयार आहेत.

२३ फेब्रुवारी, रविवार

आली! सॅक घेऊन. पण ह्या वेळी तेवढी फुगलेली नाही, हे मी आधी बघितलं.

मी शहाण्यासारखी शेगडीपाशी उभी राहिले.  ती आत गेली.  मग सरकल्याचा बारीक आवाज. मग दुसरा. सहाही उघडून बघितले पठ्ठीने! मग हाक आली, "आई, इकडे ये."

एक खण पार बाहेर काढून, उलटा करून, खालून तपासत होती. "हे तू केलंस?" मी म्हटलं, "मग काय आत्याने?" हसली नाही. स्क्रूवरून बोट फिरवत होती. "आता हे सेटसारखं मोडता येणार नाही." म्हटलं, "नाही येणार."

"तुझे कपडे कुठे असतात?"

"सुटकेसमध्ये."

"अजून?" असं काही बघितलं माझ्याकडे, जणू ती आई आणि मी तेरा वर्षांची! "वरचे तीन तू घे. खालचे माझे. आणि माझे उघडायचे नाहीत."

घ्या! माझ्याच घरात मला जागा वाटून दिली! सुटकेस रिकामी केली, सगळे कपडे वरच्या खणांत लावले. ती सोफ्यावर बसून, "घडी नीट घाल," वगैरे सूचना देत होती. संध्याकाळी बाबा आला, गेली. महिनाअखेरचं ती बोलली नाही, मीही विचारलं नाही. जिन्यात तिच्या सॅककडे निरखून बघितलं. आली तेव्हासारखीच होती की थोडी चपटी? काही कळेना.

खालचे खण मी उघडणार नाही. शब्द म्हणजे शब्द.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

उघडले नाहीत. समोरून जाताना मान वळवते.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

खारूचा फोन. घाईत होती. "आई, शेवटचा खण उघड. फक्त शेवटचा. आत आहे ते इस्त्री करून ठेव, सोमवारी घालायचंय." आणि ठेवला!

उघडला. शाळेचा गणवेश. नवा जोड, घडी घातलेला.

ताईला फोन केला — अगं, ती इस्त्री दे.